रामटेकमध्ये लपलेलं मार्केट

मुलांनो, आज आपल्याला एक नकाशा लागणार आहे. भूगोलाच्या पुस्तकातला नागपूर जिल्ह्याचा नकाशा काढा. नागपूरबाहेरच्या दोस्तांनी आपापल्या जिल्ह्याचा काढला तरी चालेल. आमच्या जिल्ह्यात चौदा तालुके: नागपूर शहर, नागपूर ग्रामीण, कामठी, हिंगणा, काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, मौदा, पारशिवनी, उमरेड, कुही आणि भिवापूर. ही नावं इंग्रजीत लिहा. सरकारी पाटीवर असतात तशीच, मनाने स्पेलिंग बनवायचं नाही.

आता रामटेकवर बोट ठेवा. आर-ए-एम-टी-ई-के. सहा अक्षरं. कागदाच्या सहा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एकेक अक्षर लिहा आणि त्या हलवून पुन्हा मांडा. एम पुढे घ्या, मग ए, आर, के, ई, टी. काय झालं?

मार्केट!

आमच्या वर्गात हे सापडलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, रामटेकमध्ये मार्केट लपून राहिलं होतं!" एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. गडावरचं राममंदिर तुम्ही सहलीला पाहिलं असेल, खिंडसी तलावही पाहिला असेल, पण हे मार्केट काही गाइडने दाखवलं नसेल.

मग काय, सगळा वर्ग चौदा तालुक्यांच्या मागे लागला. सावनेर म्हणजे एस-ए-ओ-एन-ई-आर. हलवा, हलवा... आर-ई-ए-एस-ओ-एन, रीझन, म्हणजे कारण. उमरेड म्हणजे यू-एम-आर-ई-डी. त्यातून निघतो डी-ई-एम-यू-आर, डिमर. हा शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकात नसेल. त्याचा अर्थ हरकत घेणं, कां-कूं करणं. खरं सांगायचं तर उमरेडचे लोक अजिबात तसे नाहीत! पण शब्दकोशात हा शब्द आहे, आणि आपल्या खेळात शब्दकोश हाच पंच.

एका शब्दाची सगळी अक्षरं वापरून दुसरा शब्द तयार करणं, या खेळाला इंग्रजीत अॅनाग्राम म्हणतात. सगळ्याच तालुक्यांतून पूर्ण शब्द निघत नाही. नरखेडमधून एक एच बाजूला ठेवला तर रँक्ड मिळतो, काटोलमधून टॉक मिळतो (टी-ए-एल-के, ओ उरला), हिंगण्यातून हँग. पारशिवनी तर श्रीमंतच आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. कुही बिचारी चारच अक्षरांची. तिच्यातून निघतो फक्त हाय! मैत्रिणीला भेटल्यावर म्हणतो तो.

आणि नागपूर? एन-ए-जी-पी-यू-आर. पहिली तीन अक्षरं पाहून मला हसूच आलं. नॅग, म्हणजे सारखी कटकट करणं. पुढे गन, गॅप, नॅप, पॅन, पन, रग, रन, रँग असे छोटे छोटे पुष्कळ आहेत, तुम्हीच शोधा. पण दोन शब्द मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. जी-ए-यू-आर, गौर. म्हणजे आपला रानगवा. पेंचच्या जंगलात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असलेला तो धिप्पाड प्राणी पाहिलाय ना? त्याचं इंग्रजी नाव आपल्याकडूनच तिकडे गेलेलं आहे. आता यातल्या ए आणि यू ची अदलाबदल करा. जी-यू-ए-आर, ग्वार, म्हणजे गवारीच्या शेंगा. एका नागपुरात गवाही आणि गवारही!

अशा जोड्या पटकन ओळखायची एक युक्ती आहे. शब्दातली अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावायची. रामटेकची लावली तर ए-ई-के-एम-आर-टी. मार्केटची लावली तरी तेच, ए-ई-के-एम-आर-टी. ही त्या शब्दाची सही समजा. सही जुळली की शब्द एकाच घरातले. एस-टी-ओ-पी या चार अक्षरांची सही ओ-पी-एस-टी. त्या एकाच सहीचे सहा शब्द आहेत: स्टॉप, पॉट्स, पोस्ट, स्पॉट, टॉप्स आणि ऑप्ट्स. कॉम्प्युटरलाही असे शब्द शोधायचे असतील तर तो सहसा हीच युक्ती वापरतो. फरक एवढाच की तो कंटाळत नाही.

काही हुशार मुलं म्हणतील, मराठीत का नाही करायचं हे? करून बघा. 'रामटेक' मराठीत चार अक्षरांचा: रा, म, टे, क. यातला 'रा' म्हणजे र आणि आ यांची घट्ट मिठी. ती सुटत नाही, 'टे'चा एकार काढून दुसऱ्याला देता येत नाही. देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच चौकटीत राहतात. म्हणून वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात 'त्रे' किंवा 'क्षी' असं अख्खं अक्षर बसतं. इंग्रजीत मात्र प्रत्येक स्वराला वेगळी खोली. 'संत्रे' मराठीत दोन अक्षरांचं, 'ऑरेंज' इंग्रजीत सहा. जितके तुकडे जास्त, तितकी अदलाबदल जास्त.

पण म्हणून मराठी माणूस अक्षरांशी खेळला नाही असं कोणी समजू नये. 'रामाला भाला मारा' हे वाक्य उलटीकडून वाचा. 'चिमा काय कामाची' वाचा. 'तो कवी डालडा विकतो' वाचा. इंग्रजीत असे शब्द म्हणजे मॅडम, लेव्हल, रडार, नून. आणि आईबाबांना कळू नये म्हणून तुम्ही 'च'ची भाषा बोलता ती? 'चळेतशा चचलालं' असं मधल्या सुट्टीत ऐकू आलं की मला लगेच कळतं, कारण आम्हीही तेच बोलत होतो! भारवी नावाच्या संस्कृत कवीने 'किरातार्जुनीय' या काव्याच्या पंधराव्या सर्गात एक श्लोक जवळजवळ निव्वळ 'न' या एकाच व्यंजनात रचला आहे. आपल्या विदर्भातलं रिद्धपूर तर महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. या पंथातल्या लोकांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर. त्यातली एक लिपी 'सकळ लिपी'. परक्या माणसाने पोथी उघडली तर त्याला काही अर्थ लागू नये. शेकडो वर्षांनी अभ्यासकांनी ती कुलपं उघडली.

आता जरा संत्रं सोलू या. नागपूरचा लेख आणि संत्रं नाही, असं कसं होईल? नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही आमच्या नागपुरातच आहे. ऑरेंजचं स्पेलिंग ओ-आर-ए-एन-जी-ई. एकही अक्षर दोनदा नाही आणि तीन स्वर, त्यामुळे हा शब्द खेळायला फार रसाळ. तीन अक्षरी शब्द घ्या: एज, अगो, इअर, ओअर, वन, रॅन, रॅग, नॉर, एरा. चार अक्षरी: निअर, अर्न, गिअर, रेज, गॉन, रँग, ओगर. हा ओगर म्हणजे गोष्टीतला राक्षस. पाच अक्षरी पाहा: रेंज, अँगर, ऑर्गन, ग्रोन, आर्गॉन. आर्गॉन हा एक वायू आहे, हवेत जवळपास एक टक्का तोच असतो. आणि सहाच्या सहा अक्षरं वापरून? ओ-एन-ए-जी-ई-आर, ऑनेजर. म्हणजे आशियातलं रानगाढव! कच्छच्या लहान रणात दिसणारी रानगाढवं याच जातीची. संत्र्यात गाढव निघालं म्हणून वर्गात जो हशा झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

आणखी एक गंमत. ऑरेंज हा शब्द मुळात आपल्याकडचा. संस्कृतात नारंग, मराठीत नारिंग, नारिंगी. तो फारसीत गेला, तिथून अरबीत नारंज झाला, व्यापाऱ्यांबरोबर युरोपात पोचला. इटालियन-फ्रेंचच्या वाटेवर त्याचा पहिला 'न' गळून पडला आणि इंग्रजीत तो आला ऑरेंज होऊन. असे 'न' इंग्रजीतही गळले आहेत. अंपायर हा शब्द पूर्वी नंपायरसारखा होता. 'अ नंपायर' म्हणता म्हणता न मागच्या शब्दाला चिकटला आणि 'अॅन अंपायर' झाला. एप्रनचंही तेच, आधी तो नेप्रन होता. जामठ्याच्या स्टेडियमवर अंपायरने बोट वर केलं की आठवा, याची पण एक विकेट पडलेली आहे. आणि मुंगूस माहीत आहे ना? इंग्रजी मंगूस हा शब्द आपल्या मराठी मुंगसावरूनच गेला. म्हणून अनेकवचन मंगूसेस. गूसचं गीज होतं, तसं याचं मंगीज होत नाही. बदकांच्या भावकीतला नाहीच तो, मराठी आहे!

हे सगळं वाचून आईबाबा म्हणतील, मॅडम, गंमत ठीक, पण याने इंग्रजी येतं का? आता त्यांच्याशीच थोडं बोलते. मुलांनो, तोवर तुम्ही भिवापूर हलवा.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत यायचं. म्हणजे आजच्या बऱ्याच आईबाबांनी ए-बी-सी-डी दहाव्या-अकराव्या वर्षी गिरवली आणि त्यांची मुलं ती सहाव्या वर्षी गिरवतात. मूल शब्द पाठ करतं, वहीत दहा दहा वेळा लिहितं आणि पुढच्या सोमवारी विसरतं. माझं स्पष्ट मत आहे की सुटे सुटे शब्द पाठ करून घेणं म्हणजे गोणीतले गहू एकेक करून मोजणं. शब्दांची घराणी शिकवावीत. कॅट आला की त्याच्या मागून बॅट, फॅट, हॅट, मॅट, पॅट, रॅट, सॅट आलेच पाहिजेत. शेपूट एकच, तोंड फक्त बदलतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसायची. विचारलं की डोळ्यांत पाणी. तिच्या वडिलांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. एकदा ते फाटकाशी भेटले, म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी इंग्रजी येणारं कोणीच नाही. घरी तिचं कोण घेईन?" मी त्यांना विचारलं, कूलरमध्ये काय काय असतं? ते सांगत गेले. फॅन, पंप, पॅड, वायर, मोटर, स्विच. म्हटलं, एवढं इंग्रजी तर तुम्हाला येतं! त्यातले चार शब्द आज रात्री लेकीकडून पाटीवर लिहून घ्या आणि तिला फक्त पहिलं अक्षर बदलायला सांगा.

दुसऱ्या दिवशी पाटी भरलेली. फॅनखाली कॅन, मॅन, पॅन, रॅन, व्हॅन. पंपाखाली जंप, डंप, बंप, लंप. पॅडखाली बॅड, डॅड, मॅड, सॅड. वायरखाली फायर, हायर. कूलरचे चार भाग आणि त्यांच्याखाली पंधरा नवे शब्द! त्यातला 'डॅड' वडिलांनी ओळखला होता, असं तिने मला कानात सांगितलं.

मग तिला पाट्या वाचायचा नादच लागला. सीताबर्डीला गेली की दुकानांच्या पाट्या, बसमध्ये बसली की समोरच्या पाट्या. एका विजेच्या दुकानावर तिला लाइट सापडला, एल-आय-जी-एच-टी. त्याची शेपटी धरून तिने महिनाभरात नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट, ब्राइट, फ्लाइट, फ्राइट, स्लाइट असं अख्खं गाव जमवलं. के लावून होणारा दुसरा नाइट, म्हणजे घोड्यावरचा सरदार, तोही तिनेच डिक्शनरीतून शोधून काढला. आणि एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, ई-आय-जी-एच-टी याच घरातला आहे का? शेपूट तर तेच आहे, पण नाव एट आहे."

इतका चांगला प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणातही कोणी विचारला नव्हता. इंग्रजीत कान आणि डोळे यांचं नेहमी जमतंच असं नाही. पूर्वी या जी-एचचा उच्चार होत असे. घशातून खरवडल्यासारखा 'ख' समजा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला, त्यानंतर हळूहळू स्पेलिंगं छापील झाली आणि जागच्या जागी थिजली. उच्चार मात्र बदलत राहिले. त्यामुळे ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं तर बहुरूप्यासारखी वागतात. थ्रू मध्ये ऊ, दो मध्ये ओ, टफ मध्ये अफ, कॉफ मध्ये ऑफ. म्हणून आम्ही वर्गात दोन वह्या केल्या. एक डोळ्याच्या घराण्यांची, दुसरी कानाच्या घराण्यांची. एट डोळ्याच्या वहीत लाइटच्या घरात राहतो, पण कानाच्या वहीत तो गेट आणि लेटच्या घरी जेवायला जातो.

झालं, पालकांशी बोलणं संपलं. मुलांनो, या परत.

अक्षरांचा सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे स्क्रॅबल. तो शोधून काढणारा माणूस होता अमेरिकेतला एक वास्तुविशारद, आल्फ्रेड बट्स. १९३० च्या सुमारास तिकडे मोठी मंदी आली, त्यात त्याची नोकरी गेली. घरी बसून त्याने काय केलं? वर्तमानपत्र घेतलं आणि त्याच्या पानावर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. त्या मोजणीवरून त्याने सोंगट्या ठरवल्या. जे अक्षर वारंवार लागतं त्याच्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी, जे क्वचित येतं त्याची सोंगटी एकच पण गुण भरपूर. खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याचा खेळ परत पाठवला. पुढे जेम्स ब्रुनो या त्याच्या ओळखीच्या माणसाने तो हातात घेतला आणि १९४८ मध्ये त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं.

हा खेळ विकतच आणला पाहिजे असं काही नाही. घरी जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील. त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूचे सारख्या मापाचे शंभर चौकोन कापा आणि अशी अक्षरं लिहा: ई बारा; ए आणि आय प्रत्येकी नऊ; ओ आठ; एन, आर, टी प्रत्येकी सहा; डी, एल, एस, यू प्रत्येकी चार; जी तीन; बी, सी, एफ, एच, एम, पी, व्ही, डब्ल्यू, वाय प्रत्येकी दोन; जे, के, क्यू, एक्स, झेड एकेक. झाले अठ्ठ्याण्णव. दोन कोरे ठेवा, ते पत्त्यांतल्या जोकरसारखे कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. एस चारच का? शब्दाला एस लावून अनेकवचन करणं फारच सोपं, सगळे तेच करत बसतील म्हणून. क्यू आणि झेडला दहा दहा गुण, जे आणि एक्सला आठ, केला पाच. विशेषनाम चालत नाही. म्हणजे रामटेक लावाल तर बाद, मार्केट लावाल तर बारा गुण!

यात एक मेख आहे, ती आमच्या पोट्ट्यांनीच शोधली. बट्सने मोजलं ते इंग्रजी वर्तमानपत्र. आपण आपले तालुके मोजले तर? नागपूरचं नाव एकदाच धरून तेरा नावं. मौद्याचं स्पेलिंग एम-ओ-यू-डी-ए धरलं. या तेरा नावांत ए आला बारा वेळा आणि ई आठच वेळा. के? तब्बल सहा वेळा! कामठी, काटोल, नरखेड, कळमेश्वर, रामटेक आणि कुही. इंग्रजी शंभर सोंगट्यांत के एकच, आणि आमच्या तेरा नावांत सहा. पटावरची नावं पाहिली तर जोशी, जाधव, जयश्री, जयंत, नुसता जे! बट्स जर जरीपटक्यात राहत असता तर त्याने जेला आठ गुण कधीच दिले नसते. तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर ही मोजणी करून पाहा. दोन तासिका सहज जातात, आणि गणिताच्या बाईपण खूश होतात.

काही लहानसहान गोष्टी पटापट सांगते. दोन अक्षरी शब्दांना कमी समजू नका. अॅम, अॅट, बाय, डू, गो, ही, इफ, इन, इट, मी, नो, ऑफ, ऑन, सो, टू, अप, अस, वी असे वीस-पंचवीस तर तुम्हाला आत्ताच येतात. स्क्रॅबलच्या शब्दयादीत ते शंभरहून जास्त आहेत. पटावर जागा उरत नाही तेव्हा हेच छोटे शिपाई कामाला येतात. क्यूच्या मागे बहुधा यू हवाच, पण फकीर हा शब्द एफ-ए-क्यू-आय-आर असाही लिहितात, तिथे यू लागत नाही. स्वर हातात नसतील तर वायला शरण जा: माय, क्राय, ड्राय, फ्लाय, स्काय, स्पाय, जिम, मिथ, आणि सहा अक्षरी रिदम, ज्यात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. उलट पाचही स्वर हवेत तर एज्युकेशन लिहा. आपली रोटी, डाळ, तूप (म्हणजे घी), साडी, लाख, करोड हे सगळे इंग्रजी शब्दकोशात बसलेले आहेत, बिनधास्त लावा. क्यू या उच्चाराचा क्यू-यू-ई-यू-ई, म्हणजे रांग, हा तर कमालीचा आळशी शब्द आहे. मागची चार अक्षरं काढून टाकली तरी उच्चार तोच!

ई हे इंग्रजीतलं सगळ्यात जास्त येणारं अक्षर. तरीही अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाने 'गॅड्सबी' नावाची सुमारे पन्नास हजार शब्दांची कादंबरी ई न वापरता लिहिली. ती १९३९ मध्ये निघाली. विचार करा, त्याला 'द' सुद्धा वापरता आला नाही. मला विचाराल तर वाचण्यापेक्षा ती लिहिण्यातच मजा असणार.

'अॅलिस'च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरोल ऑक्सफर्डला गणित शिकवत. त्यांचं खरं नाव चार्ल्स डॉजसन. १८७७ च्या नाताळात दोन मुलींना वेळ जात नव्हता, म्हणून त्यांनी शब्दांची शिडी हा खेळ काढला. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द यायला हवा. मांजराचा कुत्रा करायचा आहे? कॅट, कॉट, डॉट, डॉग. तीन पावलांत मांजर भुंकायला लागलं! २०२१ मध्ये जॉश वॉर्डल नावाच्या माणसाने 'वर्डल' हा पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ सगळ्यांसाठी खुला केला. आईबाबांच्या मोबाइलवर कदाचित तो असेल. पण पाटी-पेन्सिलवरही तो छान जमतो. एकाने शब्द मनात धरायचा, दुसऱ्याने पाच अक्षरी शब्द सांगत जायचं. अक्षर योग्य जागी असेल तर खाली गोल, शब्दात आहे पण जागा चुकली तर त्रिकोण.

आणि हा माझा सगळ्यात आवडता शब्द, कांद्यासारखा सोलत जायचा. एस-टी-ए-आर-टी-एल-आय-एन-जी, स्टार्टलिंग. नऊ अक्षरं. एल काढा, स्टार्टिंग. दुसरा टी काढा, स्टेअरिंग, टक लावून पाहणं. ए काढा, स्ट्रिंग. आर काढा, स्टिंग. टी काढा, सिंग. जी काढा, सिन. एस काढा, इन. एन काढा, आणि उरतो एकटा आय, म्हणजे मी. नऊपासून एकपर्यंत प्रत्येक पायरीवर खरा शब्द. फळ्यावर हे एकेक अक्षर पुसत गेले तेव्हा वर्ग श्वास रोखून बसला होता.

आता तुमची पाळी. पाटी घ्या, उत्तरांवर हात ठेवा, आणि ताई-दादाला विचारायचं नाही.

१. नागपूरची थंडी आणि उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. कोल्ड (सी-ओ-एल-डी) पासून वॉर्म (डब्ल्यू-ए-आर-एम) पर्यंत चार पावलांत शिडी चढा.

२. पारशिवनी, पी-ए-आर-एस-ई-ओ-एन-आय. यातून सहा अक्षरी निदान तीन शब्द काढा. एकात माणूस आहे, एकात तुरुंग आहे, एकात कौतुक आहे. चौथा सापडला तर तो आईच्या स्वयंपाकघरात अडकवलेला असेल.

३. टी-ई-ए-सी-एच-ई-आर. या सात अक्षरांची सही लावा आणि दुसरा सात अक्षरी शब्द शोधा. सापडला की वर्गात मोठ्याने ओरडू नका, बाई रागावतील.

४. तुमच्या जिल्ह्यातल्या तालुक्यांत अजून कुठे मार्केट लपलंय का? याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्याच नकाशात आहे.

उत्तरे: १. कोल्ड, कॉर्ड, कार्ड, वॉर्ड, वॉर्म. २. पर्सन, प्रिझन, प्रेझ आणि एप्रन्स. ३. चीटर!